‘मला विपुल भूक लागली’ : अर्थ पाठ आहे, पण वाक्य चुकतं, काय करू?

ठाण्याहून एका आईने लिहिलंय, पत्र मोठं आहे म्हणून थोडक्यात देते:

“ताई, मुलगा चौथीत आणि धाकटी पहिलीत, दोघंही इंग्लिश मीडियमला. घरात आम्ही मराठीच बोलतो पण पुस्तकातली मराठी आली की दोघांचं अडतं. मी रोज दहा शब्द अर्थासकट वहीत लिहून पाठ करून घेते. विचारले की मोठा धडाधड सांगतो. पण परवा ‘वाक्यात उपयोग करा’ मध्ये त्याने ‘मला विपुल भूक लागली’ असं लिहिलं आणि टीचरने लाल गोल केला. तो मला म्हणतो, विपुल म्हणजे पुष्कळ हे तूच सांगितलंस ना, मग चुकलं काय? मला उत्तर देता आलं नाही. आता एकजण म्हणाल्या अर्थ सोडा, उदाहरणाची वाक्यं द्या. पण कसली वाक्यं? दोघांना एकच शब्द चालतो का? मोबाईलवरच्या ॲपकडून वाक्यं बनवून घेतली तर? सासूबाई म्हणतात आम्ही काय वाक्यं पाठ करून मराठी शिकलो का.”

---

ताई, पहिलं म्हणजे लेकाला सांगा की त्याचा प्रश्न एकदम बरोबर आहे. त्याने दिलेल्या मालावर प्रामाणिकपणे काम केलंय. विपुल म्हणजे पुष्कळ, पुष्कळ भूक लागते, म्हणून विपुल भूक लागते, यात त्याची काही चूक नाही, चूक त्या बरोबरच्या चिन्हाची आहे जे आपण वहीत दोन शब्दांच्या मधे काढतो. दोन शब्द बरोबर नसतातच हो. विपुल पाणी असतं, विपुल धान्य असतं, एखाद्याने विपुल लेखन केलेलं असतं, भूक मात्र कडकडून लागते, सपाटून लागते, आणि मुळात विपुल हा शब्द आपण लिहितो, बोलत नाही, तुम्ही भाजीवाल्याला ‘आज मेथी विपुल दिसतेय’ म्हणाल का? हे सगळं त्या एका ‘= पुष्कळ’ मध्ये कुठून कळणार पोराला.

आणि हे फक्त मराठीतच होतं असं नाही. अमेरिकेत जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या दोघांनी मुलं शब्द कसे शिकतात यावर 1987 मध्ये लिहिलं होतं, त्यात शाळकरी मुलांना डिक्शनरीतले अर्थ देऊन वाक्यं करायला लावल्यावर काय काय झालं ते आहे. ‘इरोड’ म्हणजे झिजणं, कुरतडलं जाणं, पण डिक्शनरीत त्याच्यासमोर ‘ईट आउट’ असंही छापलेलं होतं, मुलाने त्याचा अर्थ बाहेर जेवायला जाणं असा घेतला आणि वाक्य केलं, ‘आमच्या घरचे खूप इरोड करतात’. तुमच्या मुलाचा भाऊच म्हणायचा. तेव्हा इंग्लिश मीडियममुळे मराठी कच्ची राहिली वगैरे डोक्यात घेऊ नका, हा अर्थाच्या यादीचा दोष आहे.

आता वाक्यं. ज्यांनी सांगितलं त्यांनी बरोबरच सांगितलं, पण अर्धंच, कारण वाईट वाक्य अर्थापेक्षाही निरुपयोगी असतं. गाईडमध्ये बघा, ‘ओशाळणे : सई ओशाळली.’ झालं उदाहरण! यातून काय कळलं, तर सईला काहीतरी झालं. मी एक साधी परीक्षा लावते, शिकवायचा शब्द बोटाने झाकायचा आणि बघायचं की त्या जागी किती शब्द बसतात. ‘सई ___’ इथे रडली, हसली, झोपली, पडली, गेली, काहीही बसतं, म्हणजे वाक्य बाद. जिथे झाकल्यावर एक-दोनच शब्द बसतात ते वाक्य कामाचं.

हाच शब्द घेऊन दाखवते कारण तुम्ही दोघांना एकच शब्द चालेल का असं विचारलंय. तर हो, चालतो, बहुतेक वेळा चालतो. शब्द तोच ठेवायचा, बदलायचं ते आजूबाजूचं.

धाकटीसाठी आधी असं सुचेल : सईने दूध सांडलं. ती ओशाळली. मान खाली घालून उभी राहिली. बरं वाटतं ना? झाकून बघा. रडली बसतं, घाबरली बसतं. पहिलीतलं पोर दूध सांडल्यावर रडतं हेच तिला माहीत आहे, ती ओशाळणे म्हणजे रडणे असं पक्कं करून मोकळी होईल आणि पुढे तो समज काढता काढता नाकी नऊ येतील. मग दारं बंद करत जायचं :

सईने दूध सांडलं. आई रागावली नाही. सई रडली नाही. पण ती ओशाळली. मान खाली घालून उभी राहिली.

छोटी छोटी वाक्यं, एकही जोडाक्षर नाही, आणि ओशाळली सोडून बाकी एकही शब्द तिला नवा नाही. पहिलीसाठी एवढंच पाळायचं, बाकी साहित्यिक वगैरे काही करायला जाऊ नका.

मोठ्यासाठी तोच शब्द : बाबांचं पाकीट सापडेना म्हणून ते रिक्षावाल्यावर ओरडले आणि तेवढ्यात पाकीट त्यांच्याच बॅगेत निघालं, तेव्हा ते एवढे ओशाळले की त्याच्याकडे बघेनात. इथे वाक्य लांब आहे, कारण आहे, परिणाम आहे, जोडाक्षरं आहेत, आणि सईच्या वाक्यात नसलेली एक गोष्ट आहे, की आपण दुसऱ्यावर उगाच आळ घेतला. झाकून बघितलं तर वरमले बसेल, खजील झाले बसेल, आणि ते बसलं तर बसू दे, ती त्याच घरातली माणसं आहेत, उलट त्याने स्वतःहून सुचवलं तर शाबासकी द्या.

आणि दोन-तीन वर्षांनी, सहावी-सातवीला : मीराच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा ती नुसती लाजली होती, पण चित्रात रंग भरून देणारी मैत्रीण समोर उभी दिसली आणि ती ओशाळली. आता इथे लाजणं आणि ओशाळणं एकाच वाक्यात शेजारी उभे केलेत, कौतुकाने माणूस लाजतो आणि आपलं काहीतरी चुकलंय हे समोरच्याला कळलं की ओशाळतो. हा फरक पहिलीतल्या मुलीला सांगायची गरज नाही, पण तिला आत्ता जे कळलंय ते पुढे खोटं ठरता कामा नये. ‘ओशाळणे = लाजणे’ लिहिलेलं पुढे खोटं ठरतं, सईचं दूध ठरत नाही.

सगळेच शब्द असे खाली आणता येतात असं मात्र नाही. विपुल हा शब्द पहिलीतल्या मुलीला शिकवू नका, घरात कोणी बोलत नाही, तिच्या पुस्तकात येणार नाही, कशाला. मोठ्याला द्या : यंदा पाऊस विपुल झाला, विहिरी काठोकाठ भरल्या आणि एकाही गावाला टँकर लागला नाही. आणि तोंडी सांगा की हा लिहिण्यातला शब्द आहे. एवढंच.

मग शब्द निवडायचे कसे? दिवसाला दहा हे फारच होतात, आठवड्याला पाच-सहा घ्या पण ते परत परत समोर येऊ द्या. मुलांच्या शब्दसंग्रहाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मानलेत आणि मला ती विभागणी घरी वापरायला फार सोयीची वाटते. पहिला थर रोजच्या बोलण्यातला, पाणी, धावणे, मोठा, हे शिकवावे लागत नाहीत. तिसरा थर विषयातला, प्रकाशसंश्लेषण, अक्षांश, ते त्या त्या धड्यात येतात तेव्हा शाळा बघून घेते. मधला थर आपला : ओशाळणे, आतुर, चिकाटी, दुर्लक्ष, अखेर, सावध, निरखणे, जे गोष्टीत येतात, भूगोलात येतात, पेपरातही येतात, पण पोराच्या तोंडात नसतात. तुमच्या वहीतल्या दहापैकी तीनेक असे असतील, तेवढेच ठेवा.

आता पातळीबद्दल, कारण इथे बहुतेक पालक इयत्ता बघतात. मुलगा चौथीत म्हणजे चौथीची वाक्यं, असं करू नका. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, छान झालं, पण सक्तीच्या तासाने वाचनाची पातळी आपोआप वर जात नाही. प्रथम संस्थेची असर पाहणी तुम्ही ऐकली असेल, 2005 पासून चालू आहे, खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देतात. त्यांच्या पायऱ्या फार साध्या आहेत, अक्षर येतं का, सुटा शब्द येतो का, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद येतो का, दुसरीच्या पातळीची गोष्ट येते का. इयत्ता कुठलीही असो, पायरी तपासायची. तुम्ही घरीच करून बघा, बालभारतीच्या साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, दुसरीच्या पुस्तकातला त्याने न वाचलेला एक उतारा द्या आणि गप्प बसून ऐका. अडखळत वाचला तर वाक्यं दुसरीच्या पातळीची करायची, त्याला मात्र ‘तुला दुसरीचं देतेय’ हे अजिबात सांगायचं नाही. उतारा वाचताना किती शब्द अडले तेही बघा, इंग्रजीवर झालेल्या अभ्यासात असं दिसलंय की आपलं आपण नीट समजून वाचायला शंभरातले साधारण 98 शब्द ओळखीचे लागतात. म्हणून तर एका वाक्यात एकच नवा शब्द. पालक हौसेने ‘त्याच्या चिकाटीचे सर्वांनी मुक्तकंठाने कौतुक केले’ असलं वाक्य देतात आणि मग मुलाला चिकाटी कळेना म्हणून वैतागतात, अहो मुक्तकंठानेपाशीच तो अडकलाय.

वाचनाची पातळी आणि ऐकण्याची पातळी वेगळी असते हेही लक्षात ठेवा. धाकटी जे वाचू शकत नाही ते ऐकून तिला कळतं, बऱ्यापैकी कळतं. तेव्हा बाबा आणि रिक्षावाल्याचं वाक्य तिला वाचायला देऊ नका पण ऐकवा जरूर, दोघं जेवायला बसले असताना गोष्ट म्हणून सांगा, मोठ्यालाच सांगायला लावा, तो भाव खात सांगेल आणि ती ऐकेल. वहीत लिहिताना दोघांची वाक्यं वेगळी, तोंडी सगळं एकत्र.

आता एक खास मराठीची अडचण, जी इंग्रजी शब्दकार्डांची नक्कल करणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. यादीतला शब्द पुस्तकात त्या रूपात फारसा भेटतच नाही. पोराने देऊळ पाठ केलं आणि पुस्तकात येतं देवळात. विहीर पाठ केली, येतं विहिरीवर. पाऊस आणि पावसाने, ससा आणि सशाला, मासा आणि माशांचा, भाऊ आणि भावाकडे. ज्याच्या कानावर दिवसभर मराठी आहे त्याला काही वाटत नाही, पण ज्याचं वाचन बहुतेक इंग्रजीत चालतं तो ‘सशाला’ वाचून थांबतो, सशा कोण? खरंच विचारतात मुलं. म्हणून वाक्यं करताना निदान दोन करा, एकात शब्द मूळ रूपात आणि दुसऱ्यात प्रत्यय लागून : गावाबाहेर एक जुनं देऊळ होतं. त्या देवळात संध्याकाळी कोणी जात नसे. क्रियापदांचंही तसंच, ओशाळणे असं कुठल्याच गोष्टीत येत नाही, ओशाळला, ओशाळून, ओशाळवाणा असं येतं. मूळ रूप पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवा, शब्दकोशात शोधताना लागेल तेवढंच.

आणि जोड्या. पाऊस पडतो, ऊन पडतं, थंडी पडते, धुकं पडतं, प्रश्न पडतो, स्वप्नसुद्धा पडतं, पण वारा सुटतो. एखादा मुलगा म्हणाला ‘आज खूप वारा पडला’ तर आपण हसतो, पण त्याचा हिशोब चोख आहे, गंमत म्हणजे वारा पडला हेही मराठीच आहे, फक्त अर्थ बरोबर उलटा, वारा थांबला. अर्थ कितीही नीट सांगा, हे असलं काही अर्थातून येत नाही, ते वाक्यातूनच येतं, म्हणून वाक्यातला नवा शब्द त्याच्या नेहमीच्या सोबत्याबरोबर आणा. धीर असेल तर धीर धरणे, धीर सुटणे, धीर देणे. नुसतं ‘त्याच्याकडे धीर आहे’ असं करू नका.

यातूनच तुमच्या मोबाईलच्या प्रश्नाचं उत्तर येतं. ॲपकडून वाक्यं घ्या, मला त्याचं वावडं नाही, दमून घरी आल्यावर पाच शब्दांची तीन-तीन वाक्यं सुचत नाहीत हे मला कळतं. पण मुलांना द्यायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा. मी काही बघितलीत, व्याकरण ठीक असतं पण बरीचशी इंग्रजीतून उतरवल्यासारखी, ‘त्याने एक दीर्घ अंघोळ घेतली’ छापाची, आपल्याकडे अंघोळ करतात आणि दीर्घ तर अजिबात नाही. तुमच्या कानाला खटकलं की खोडा, तुमचा कान घरात मराठी बोलणाऱ्या माणसाचा आहे, त्यावर भरवसा ठेवा. मागतानाही ‘सोपी वाक्यं दे’ एवढंच न सांगता मुलाची माणसं आणि जागा सांगा, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, तलावपाळी, सोसायटीतला वॉचमन, आजी. आणि बोट ठेवून झाकायची परीक्षा तिथेही लावा, निम्मी वाक्यं तिथेच गळतील. वाचायला गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि त्यांनी चार पातळ्या लावलेल्या आहेत, पहिली पातळी म्हणजे पानावर एखाद-दुसरं वाक्य, तिथून वर चढत जायचं.

अर्थ सांगायचाच नाही का? सांगा की, पण तोही वाक्यात सांगा. 1987 साली कोबिल्ड नावाची इंग्रजी डिक्शनरी आली, तिने अर्थ पूर्ण वाक्यात द्यायची पद्धत आणली, म्हणजे शब्दापुढे शब्द नाही, तर ‘तुम्ही असं केलंत तर त्याला अमुक म्हणतात’. मराठीत हे किती सहज होतं बघा : आपल्या हातून काहीतरी चुकलं आणि ते समोरच्याला कळलं की आपण ओशाळतो. बरोबरचं चिन्ह गेलं आणि शब्द कधी वापरायचा तेही त्यात आलं.

शेवटची पायरी मुलाचं स्वतःचं वाक्य. आधी तुमची दोन-तीन वाक्यं त्याने वाचलेली, ऐकलेली असू देत, मगच त्याला विचारा, लगेच नाही. एखादा शब्द एकदा वाचला आणि डोक्यात बसला असं फार कमी वेळा होतं, दोन-चार दिवसांनी तो परत वेगळ्या वाक्यात भेटायला लागतो. आणि सुरुवातीला ‘वाक्य कर’ असं नका म्हणू, अर्धं वाक्य द्या, ‘मी एकदा खूप ओशाळलो होतो, कारण…’ आणि सोडून द्या. कारणच्या पुढे काय येतं त्यावरून त्याला शब्द कळलाय की नाही ते तुम्हाला लगेच कळेल. ‘कारण मला आईस्क्रीम मिळालं’ आलं तर अजून एक वाक्य लागणार. ‘कारण मी आजीला खोटं सांगितलं आणि तिला कळलं’ आलं तर काम झालं, आणि वर एक बातमीही मिळाली. चुकलं तर लाल गोल करू नका, त्याचं वाक्य तसंच ठेवून शेजारी दुरुस्त जोडी लिहा, विपुल भूक नाही, विपुल पाणी, भूक कडकडून. दोन्ही शब्द कामाला येतात.

सासूबाईंचं म्हणणं खोडू नका, त्या बरोबर बोलतायत. त्यांनी वाक्यं पाठ केली नाहीत कारण त्यांच्या कानावर दिवसभर वाक्यंच पडत होती, जात्यावर, ओट्यावर, कीर्तनात, भांडणात. तुमच्या मुलांच्या कानावर ती तेवढी पडत नाहीत, एवढाच फरक. मग त्यांनाच कामाला लावा ना. आठवड्याचे पाच शब्द फ्रिजवर चिकटवा आणि आजींना सांगा की बोलताना हे येऊ द्या, मुद्दाम शिकवू नका. त्या ‘कशी ओशाळवाणी बसलीये बघ’ म्हणतील ते तुमच्या वहीतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा चांगलं असेल. त्यांचा एखादा गावाकडचा शब्द आला तर तोही राहू दे, परीक्षेत लिहायचा नाही एवढं सांगितलं की चौथीतल्या मुलाला पुरतं.

राहिली परीक्षा. समानार्थी शब्द विचारतातच, मार्कही त्यालाच असतात, तेव्हा यादी फाडून टाकू नका. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास यादी, ते पाठांतर त्याला चांगलं जमतं हे तुम्हीच लिहिलंय. बाकीच्या दिवशी वही उघडाल तेव्हा पानाच्या मधली ती उभी रेघ आधी काढून टाका, डावीकडे शब्द उजवीकडे अर्थ असलेली, आणि पूर्ण ओळ लिहायला जागा करा.